चार नंबरची सीट, सात नंबरची गाडी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं, कारण आत्या म्हणाली, "कशाला गं, जाऊ दे, लोक हसतील." पण काल एकीने मला तोंडावर विचारलं, "तुझ्या आत्याच्या चुकीमुळे त्या बाईंचा हात मोडला ना?" आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसा तुम्ही, खुशाल हसा, पण आधी नीट ऐका.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय छपन्न, उंची पाच फुटाला एक इंच कमी, आणि बावीस वर्षं एकच काम, जेट स्की दुरुस्त करायचं. पाण्यावर मोटरसायकलसारखी पळते ना, ती. समुद्राच्या कडेला एक क्लब आहे, आठ गाड्या आहेत, आणि त्या आठही गाड्या आत्याच्या हाताखालून जायच्या. क्लबात तिला सगळेच आत्या म्हणायचे, अगदी तिच्याहून मोठा असलेला वॉचमनसुद्धा. "माझं वय साठ आणि मी हिला आत्या म्हणतो," तो गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पण तुम्ही एकदा हिच्याकडून ओरडा खाऊन बघा, तुम्हीपण म्हणाल."

आता या गाड्या साध्या नाहीत. यांच्या इंजिनाला सुपरचार्जर असतो. म्हणजे काय, तर एक छोटासा पंखा, तळहातात मावेल एवढा, तो इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो म्हणून गाडीला तो वेग येतो. हा पंखा मिनिटाला चाळीस हजाराच्या वर फेऱ्या मारतो. मिनिटाला! आणि तो फिरतो कशात, तर गोगलगायीच्या शंखासारख्या एका ॲल्युमिनियमच्या घरात. वर्कशॉपमध्ये त्याला शंखच म्हणतात. पंख्याची पाती आणि शंखाची भिंत यांच्यात फट किती? जाड कागदाएवढी. बास. आतलं बेअरिंग जरा झिजलं, पंखा जरा डुगडुगला, की पातं भिंतीला घासणार, शंख तडकणार, आणि वर बसलेला माणूस भर वेगात पुढे फेकला जाणार.

हे होऊ नये म्हणून जे काही करायचं असतं, ते करणारी व्यक्ती म्हणजे आत्या. आणि ते कुणाला दिसत नाही. तिथेच सगळी बोंब आहे.

ती काय करायची ऐका. दर सोमवारी दुपारी आठही गाड्यांचा हवेचा पाईप काढायचा, आत दोन बोटं घालायची, पंख्याचा दांडा चिमटीत धरून मागेपुढे ढकलायचा. हलला की गाडी बंद. त्यात चर्चा नाही. शंखाचे बोल्ट ती ठरलेल्या ताकदीला टक् वाजणाऱ्या पान्यानेच आवळायची, समोरासमोरचे, थोडे थोडे करून, कारण एकाच बाजूने आवळले तर शंखावर ताण येतो आणि तो तिथूनच तडकतो. आणि आवळून झालं की बोल्टच्या डोक्यापासून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

आठ गाड्या, आठ रंग. ही तिची स्वतःची पद्धत. दुकानदार विचारायचा, "आत्या, आज कुठला रंग? कुणाच्या लग्नाला?" आणि माझी आई घरी चिडवायची, "वन्सं, आयुष्यात स्वतःच्या नखाला लावलं नाहीत आणि बोल्टांची मात्र बोटं रंगवताय!"

"बोल्ट भांडी घासत नाहीत ना वहिनी, टिकतं त्यांच्यावर," आत्या म्हणायची.

आठ वेगळे रंग का, तर क्लबाने गाड्यांचे नंबर सीटवर लिहिले होते. हो, सीटवर. जी सीट रोज धुवायला काढतात तिच्यावर! आधी गाडीच्या अंगावर स्टिकर होते, ते खाऱ्या पाण्याने निघाले. आत्याने मॅनेजरला तीनदा सांगितलं, की पत्र्याच्या पट्ट्या करून अंगावरच ठोकू या. मॅनेजर म्हणाला, "आत्या, फोटोत घाण दिसतं. सीटवर कसं मस्त मोठ्ठं दिसतं." आठही गाड्या एकाच मॉडेलच्या, कुठलीही सीट कुठेही चपखल बसते. आत्या चौथ्यांदा बोलली नाही. तिने नेलपॉलिशच्या आठ बाटल्या आणल्या आणि वहीत लिहून ठेवलं, एक नंबर लाल, दोन नंबर पांढरा, असं आठपर्यंत.

तर त्या सोमवारी सात नंबरचा दांडा हलला. जास्त नाही. "नखाएवढा," ती घरी येऊन म्हणाली, "पण नखाएवढा म्हणजे तिथे खूप झालं." तिने पुठ्ठ्यावर 'बंद' लिहिलं, सात नंबरच्या सीटच्या पट्ट्यात खोचलं, बाकी सात गाड्यांच्या पुढे कागदावर ठीक लिहून सही केली आणि गेली. मंगळवार तिच्या सुट्टीचा.

गाड्या धुणाऱ्याला सगळे फवारा म्हणतात. चाळिशीचा आहे, मनाने सोनं, पण हातात पाईप आला की आजूबाजूचा एक माणूस कोरडा ठेवत नाही, म्हणून फवारा. सोमवारी आत्या गेल्यावर त्याने आठ सीटा काढल्या, धुतल्या, कठड्यावर ओळीने उरलेल्या उन्हात टाकल्या. मंगळवारी सकाळी घाई होती. शाळेच्या शिक्षकांची सहल आलेली. त्याने सीटा पटापट बसवल्या. चार सातवर बसली, सात चारवर. आणि धुताना बाजूला काढलेला पुठ्ठा त्याने इमानाने सातच्याच सीटमध्ये परत खोचला!

म्हणजे धडधाकट गाडी 'बंद' लिहून वर्कशॉपमध्ये कुलपात, आणि आजारी गाडी पाण्यात.

तिच्यावर एक गणिताच्या बाई बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच. बोयांच्या, म्हणजे त्या तरंगत्या खुणांच्या, आत दोन फेऱ्या छान मारल्या, तिसऱ्या फेरीला वेगाची कळ पूर्ण दाबली आणि खालून किंचाळल्यासारखा आवाज आला. शंख तडकला, जोर एकदम गेला, गाडीने नाक पाण्यात खुपसलं आणि बाई हँडलवरून पुढे. मनगट दोन ठिकाणी मोडलं. फुटलेले तुकडे पुढे हवा थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत अडकले म्हणून इंजिन वाचलं. बाईंचा हात अडकवायला कुठली जाळी नव्हती.

बुधवारी आत्या गेली तर मॅनेजर तिचीच वाट बघत उभा. हातात सोमवारचा कागद.

"चार नंबर ठीक. खाली सही कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर."

"काय झालं?"

त्याने सांगितलं. आत्या खाली बसली. तिथेच, ओल्या फरशीवर. ती मला नंतर म्हणाली की पहिला विचार हाच आला, आपणच चुकलो. बावीस वर्षांत बोटांनी एकदाही फसवलं नव्हतं, वय झालं, बोटांतली जाण गेली. "मला ना गं, त्या क्षणी वाटलं, हात कापून टाकावेत."

मग ती उठली आणि गाडीपाशी गेली. सीट काढली. आत वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मॅनेजर मागून म्हणाला, "आता बघून काय उपयोग?"

"साहेब," आत्या वाकलेलीच होती, "ही चार नाही."

"म्हणजे?"

"चारला केशरी रेघा आहेत. ह्या जांभळ्या आहेत. ही सात आहे. हिला मी बंद केली होती."

वर्कशॉपचं कुलूप काढलं. 'बंद' लिहिलेल्या गाडीची सीट उचलली. केशरी रेघा, एकूण एक शाबूत. फवारा दारात उभा होता. त्याची पाचावर धारण बसली. "आत्या," तो म्हणाला, "आत्या, मी... सीटा काढल्या की गाड्या सगळ्या सारख्याच..." 

"तू गप बस," आत्या म्हणाली. "तुझी एकट्याची चूक नाही ही. नंबर सीटवर कुणी लिहिले?"

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? म्हटलं असतं, आत्या, माफ करा, तुमचं ऐकायला हवं होतं. आणि हा मॅनेजर काय म्हणतो? म्हणतो, "नेलपॉलिश हा पुरावा होत नाही."

मला ऐकूनच भोवळ आली. नेलपॉलिश पुरावा होत नाही! आणि उन्हात वाळत पडणारी सीट पुरावा होते!

"वहीत लिहिलंय, तारखेसकट," आत्या म्हणाली.

"वही तुमची. कागद क्लबाचा." मग त्याने आवाज मऊ केला. तो मऊ आवाज वाईट, आत्या म्हणते, त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट. "हे बघा, तुम्ही घरच्यासारख्या आहात. वरून चौकशी आलीय. एका ओळीत लिहून द्यायचंय, मेकॅनिककडून नजरचुकीने तपासणी राहून गेली. तुम्ही सही करा, मी तुम्हाला तिकिटाच्या खिडकीत बसवतो. सावली आहे, पंखा आहे. या वयात कशाला त्या तेलात हात?"

"आणि सातचं काय?"

"तिला शनिवारी पाण्यात काढतोय. बेअरिंग नवीन टाकू. शंखाला बाहेर वेल्डिंग करून घेतो."

इथे आत्याच्या संयमाचा बांध फुटला. सहीवरून नाही, मी मुद्दाम सांगते, सहीवरून नाही. वेल्डिंगवरून. "साहेब, तो कढईचा कान आहे का, वेल्डिंग करायला? तापवलं की ॲल्युमिनियम ओढलं जातं. शंख वाकडा होतो. नवीन बेअरिंग टाका नाहीतर चार टाका, पातं भिंतीला लागणारच. नवा शंख मागवा. येईपर्यंत गाडी उभी ठेवा."

"यायला तीन आठवडे लागतात. ऐन हंगाम आहे."

"मग तीन आठवडे सात गाड्या चालवा!"

"आत्या, तुम्ही फार बारीक बघता."

"बारीकच बघायचं असतं! मोठं दिसायला लागतं तेव्हा कुणाचातरी हात मोडलेला असतो!"

ती सही न करता घरी आली. जेवली नाही. बाबा म्हणाले, "ताई, सही करून टाक ना, एवढं काय, नोकरी तर राहील." आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की बाबा उठून उगाचच नळ घट्ट बंद करायला गेले. आई तिच्याजवळ बसली. "वन्सं, तुम्ही करू नका सही. आणि दोन घास खा. उपाशीपोटी भांडण नीट होत नाही." तेव्हा ती हसली थोडी. आईच्या ताटातलंच खाल्लं.

दोन दिवस ती त्याच वर्कशॉपमध्ये गेली आणि बाकी गाड्यांचं काम केलं. सातच्या जवळ तिला जाऊ देत नव्हते. बाहेरून एक मेकॅनिक आणला होता. शुक्रवारी शंख वेल्डिंग होऊन आला, चकाचक पॉलिश मारून, आणि त्याने तो बसवून टाकला. आत्याने लांबूनच विचारलं, "दादा, फट बघितलीत का चारी बाजूंनी?" तो म्हणाला, "चालू करून बघितलं, मस्त चालतंय." निघताना मॅनेजर म्हणाला, "उद्या तुम्ही येऊ नका. घरी बसून विचार करा."

ती शनिवारी सात वाजता उताराजवळ होती. उतार म्हणजे जिथून ट्रॉलीवर गाडी पाण्यात सोडतात ती सिमेंटची घसरण. सात नंबर ट्रॉलीवर उभी होती, वीस पावलांवर पाणी. आत्या ट्रॉलीच्या पुढे उभी राहिली. घोषणा नाही, काही नाही. पिशवी काखेत घेऊन बस-स्टॉपवर उभं राहावं तशी.

मॅनेजर लांबून ओरडला, "आत्या, बाजूला व्हा!" ती हलली नाही. फवाऱ्याला ट्रॉली ढकलायला सांगितलं होतं. तो दांडा धरून नुसता उभा. हातात पाईप नसताना काय करायचं ते त्याला कळेना.

आणि नेमक्या तेव्हाच गेटमधून गणिताच्या बाई आल्या. हात गळ्यात, कोपरापर्यंत प्लास्टर, आणि चेहरा असा की वॉचमनने नाव विचारायच्या ऐवजी गेटच उघडलं.

"मेकॅनिक कोण इथला?" त्या सरळ उतारावर आल्या. "मला त्याचं तोंड बघायचंय. वार्षिक परीक्षेचे एकशे चाळीस पेपर तपासायचे आहेत मला, डाव्या हाताने तपासू का?"

"मी आहे," आत्या म्हणाली.

बाई गोंधळल्या. "तुम्ही?"

"मी. बोला काय बोलायचं ते."

"तुम्ही ठीक म्हणून सही केलीत म्हणे."

"चार नंबरला केली. तुम्ही बसलात ती सात होती. सीट बदलली होती." मग म्हणाली, "ते जाऊ द्या. ते खरं मानायचं की नाही तुम्ही ठरवा. पण ही तीच गाडी आहे आणि आता दहा मिनिटांत हिच्यावर दुसरं कुणीतरी बसणार आहे. आधी हे बघता का?"

मॅनेजर पळतच आला. "मॅडम, मॅडम, तुम्ही ऑफिसमध्ये या, पंख्याखाली बसू."

"थांबा हो," बाई म्हणाल्या. अशा आवाजात, की पन्नास पोरांचा वर्ग गप्प होतो.

आत्याने सीट काढली, हवेचा पाईप काढला. पिशवीतून जाड कागदाची एक पट्टी काढली आणि पंख्याचं पातं आणि शंखाची भिंत यांच्यामध्ये सरकवली. वर, आरामात गेली. डावीकडे, गेली. खाली, गेली. उजवीकडे, जिथे वेल्डिंग चमकत होतं, तिथे पट्टी अडकली. आत्याने जोर दिला तर कागद चुरगळला.

"तुम्ही करून बघा," ती म्हणाली.

बाईंनी डाव्या हाताने पट्टी घेतली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "हे वर्तुळ नाहीये."

"मॅडम, टेक्निकल गोष्ट आहे..."

"यात टेक्निकल काय? सातवीच्या पोराला कळेल. आतलं गोल आहे, बाहेरचं गोल नाही. फिरलं की लागणार. किती वेगाने फिरतं हो हे?"

"मिनिटाला चाळीस हजारांच्या वर," आत्या म्हणाली.

 बाईंनी ओठ हलवून काहीतरी हिशोब केला, बहुतेक सेकंदाला किती लागेल त्याचा, आणि त्यांचा चेहराच बदलला. मग त्यांनी काय करावं? चपला काढल्या, ट्रॉलीवर पाय ठेवला, आणि प्लास्टर सांभाळत त्या सात नंबरच्या गाडीवर चढून बसल्या. सीट नाही, काही नाही, उघड्या इंजिनाच्या कडेवर.

"मॅडम, उतरा!"

"उतरत नाही. मी गिऱ्हाईक आहे. मला राइड द्यायची नसेल तर देऊ नका, पण ही गाडीही कुणाला देऊ नका."

फवाऱ्याने ट्रॉलीचा दांडा सोडून दिला. सावकाश, दोन्ही हात वर करून. आणि बाजूला जाऊन उभा राहिला, आत्याच्या शेजारी. मॅनेजरच्या समोर जाऊन उभं राहायला त्याला काय लागलं असेल ते मला माहितीये, त्याच्या घरात सहा माणसं आहेत.

बाई उतरल्याच नाहीत, शेवटी साडेनऊ वाजता सात नंबर परत वर्कशॉपमध्ये गेली. दहा वाजता मॅनेजरने आत्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पावणेअकराला ती घरी होती.

आता मला सांगा. त्या दिवशी त्या गाडीवर कोण बसणार होतं? एक बाप आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी, नाव नोंदवून आले होते. त्यांना दुसरी गाडी मिळाली, दोन फेऱ्या मारल्या, हसत हसत घरी गेले. त्यांना आत्या माहीतच नाही. कधी माहीत होणारही नाही. काहीही झालं नाही ना! काही झालं नाही की कुणाला काही दिसत नाही, आणि काही झालं की पहिलं बोट त्या बाईकडे जिने ते होऊ नये म्हणून बावीस वर्षं दर सोमवारी इंजिनात हात घातला. ज्याने नंबर सीटवर लिहिले तो अजून त्याच खुर्चीत आहे. ज्याने वेल्डिंगचा शंख फट न बघता बसवला तो आता तिथला मेकॅनिक आहे. क्लबाच्या कागदात अजून लिहिलंय, मेकॅनिकची नजरचूक. तिची सही नाही त्याखाली, तरी लिहिलंय!

गणिताच्या बाईंनी चौकशी करणाऱ्यांना पत्र दिलं, डाव्या हाताने, तीन पानी, वर्तुळाच्या आकृतीसकट. अजून उत्तर नाही. फवारा कामावर आहे पण आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जातो. आत्याला त्याचंच जास्त लागतं. "वेडा आहे," ती म्हणते, "मी रागावलेय असं वाटतं त्याला. ज्या दिवशी दांडा सोडला ना, त्या दिवशी मी त्याचं सगळं विसरले."

ती दिवसभर मागच्या खोलीत खिडकीशी बसते. मधेच आईचा मिक्सर उघडते, त्याचं काही बिघडलेलं नसतं.  परवा मी विचारलं, "आत्या, परत बोलावलं तर जाशील?" ती म्हणाली, "गाड्यांसाठी जाईन." मग थोड्या वेळाने, "सातचा शंख बदलला का गं त्यांनी? कुणी सांगितलं का तुला काही?"

मला कुणी सांगितलं नाही. मला माहीत नाही. आणि ती हे रोज विचारते.

म्हणून हे लिहिलं. पुढच्या रविवारी ती पलीकडच्या किनाऱ्यावर जातेय, तिकडे मासेमारीच्या बोटींची इंजिनं बघायचं काम मिळालंय, मग महिनोन्महिने येणार नाही. त्याच्या आधी तिला भेटायला आमच्या घरी या. तुम्ही कधी त्या क्लबात गाडीवर बसून धडधाकट घरी गेला असाल, तर या. फवारा, तुला कुणी हे वाचून दाखवलं तर तू सगळ्यात आधी ये. आणि तिथे आत कामाला असलेलं कुणी वाचत असेल, तर तिच्या समोर बसून सातचं काय झालं ते खरं खरं सांगा. सकाळी आलात तर बरं, दुपारी ती झोपल्याचं सोंग करते. दार उघडंच असतं. लवकर या.